नोंदीबाहेरचे नुकसान : महासाथ, लहान धंदे आणि कामगार

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशभर टाळेबंदी जाहीर केली आणि चार तासांनी ती लागू झाली. त्यानंतरच्या एप्रिल-जून तिमाहीत देशाचे सकल उत्पादन आदल्या वर्षीच्या तुलनेत जवळजवळ २४ टक्क्यांनी घसरले. तिमाही आकडे ठेवायला सुरुवात झाल्यापासून एवढी घसरण कधी झाली नव्हती. ती सर्वांच्या वाट्याला सारखी आली नाही, याबद्दल आज फारसे दुमत नाही. मतभेद आहेत ते त्यापुढच्या प्रश्नांवर. हे नुकसान किती टिकले? उभारी सगळ्यांना मिळाली की काहींनाच? सरकारी मदत पुरली का? आणि महासाथीने विषमता वाढवली की होती तीच उघडी पाडली?

या प्रश्नांवर गेल्या काही वर्षांत अर्थतज्ज्ञ, सरकारी यंत्रणा, बँका आणि कामगार संघटना यांनी भरपूर लिहिले आहे. त्यातले निष्कर्ष अनेकदा एकमेकांच्या विरुद्ध जातात. ते का जातात आणि आज चर्चा कुठे येऊन थांबली आहे, याचा हा आढावा आहे.

महासाथीपूर्वीची स्थिती

लहान धंदा म्हणजे नेमके काय, हे आधी पाहायला हवे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७३ व्या फेरीनुसार २०१५-१६ मध्ये देशात शेतीबाहेरचे सुमारे ६ कोटी ३४ लाख सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग होते. त्यांत ११ कोटींच्या आसपास माणसे काम करत होती. यातले ९९ टक्क्यांहून अधिक उद्योग ‘सूक्ष्म’ या गटातले, आणि बहुतेकांकडे पगारी नोकर एकही नाही. शिंप्याचे दुकान, पिठाची गिरणी, वडापावची गाडी, सायकल दुरुस्ती, घरातल्या दोन शिलाई यंत्रांवर चालणारे काम हे सगळे त्यात आले. महाराष्ट्राचा वाटा ४८ लाखांच्या घरात होता. औद्योगिक वसाहतीत गाळा घेऊन सुटे भाग बनवणारा कारखानदार या गर्दीत अल्पसंख्य ठरतो. म्हणून ‘लघुउद्योगांना मदत’ असे म्हटले की ती या गर्दीतल्या कोणाला, हा प्रश्न पहिल्यापासून उभा राहतो.

कामगारांचे चित्रही असेच होते. २०१८-१९ च्या श्रमबल पाहणीनुसार शेतीबाहेरच्या नियमित पगारदारांपैकीही जवळजवळ ७० टक्के लोकांकडे लेखी करार नव्हता आणि निम्म्याहून अधिकांना कोणतीही सामाजिक सुरक्षा नव्हती. रोजंदारीवरच्यांचा तर प्रश्नच नव्हता.

या क्षेत्रावर त्याआधीच्या चार वर्षांत तीन आघात होऊन गेले होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये चलनातल्या ८६ टक्के मूल्याच्या नोटा बाद झाल्या आणि रोखीवर चालणारा व्यवहार अडकला. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला. त्याने करव्यवस्था सुटसुटीत केली, पण मोठे खरेदीदार नोंदणी नसलेल्या लहान पुरवठादारांपासून दूर गेले. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही वित्तसंस्था कोलमडली आणि लहान धंद्यांना कर्ज देणाऱ्या बिगरबँक कंपन्यांचा हात आखडला. २०१९-२० मध्ये विकासदर चार टक्क्यांच्या आसपास आला होता. पुढच्या सगळ्या वादांत हा भाग पुन्हापुन्हा येतो, कारण २०२० नंतर बंद पडलेल्या धंद्याचे खापर महासाथीवर किती आणि आधीच्या आघातांवर किती फोडायचे, हे वेगळे करणे अवघड आहे.

पहिला आघात

‘सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी’ या संस्थेने एप्रिल २०२० मध्ये बेरोजगारीचा दर २३.५ टक्के असल्याचे आणि त्या एका महिन्यात १२ कोटींहून अधिक लोकांचे काम गेल्याचे सांगितले. सरकारी पाहणीचा आकडा उशिरा आला, पण तोही फार वेगळा नव्हता. शहरी भागातली बेरोजगारी जानेवारी-मार्चमध्ये ९ टक्के होती, ती एप्रिल-जूनमध्ये सुमारे २१ टक्क्यांवर गेली.

अडकून पडलेल्या मजुरांसाठी काम करणाऱ्या ‘स्ट्रँडेड वर्कर्स अॅक्शन नेटवर्क’ने पहिल्या तीन आठवड्यांत मदतीसाठी फोन केलेल्या ११ हजारांवर मजुरांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातल्या ९६ टक्क्यांना सरकारी धान्य मिळाले नव्हते आणि ८९ टक्क्यांना मालकाने टाळेबंदीच्या काळातली मजुरी दिली नव्हती. हा नमुना सर्वसाधारण नव्हता, अडचणीत आलेल्यांचाच होता. पण अडचण कशी होती ते त्यातून कळते. ८ मे रोजी जालन्याच्या एका पोलाद कारखान्यात काम करणारे, रेल्वेमार्गाने भुसावळकडे पायी निघालेले मध्य प्रदेशातले १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली सापडून मरण पावले. १ मेपासून श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या आणि त्यांतून ६० लाखांहून अधिक लोक गावी गेले. केंद्राने पुढे संसदेत दिलेल्या माहितीनुसार आपल्या राज्यात परतलेल्या मजुरांची संख्या १ कोटी १४ लाख होती.

त्याच वेळी दुसऱ्या एका वर्गाचे काम घरून सुरू राहिले. माहिती तंत्रज्ञान, बँका, वित्तसेवा आणि सरकारी नोकऱ्या यांतले पगार बहुतांशी चालू होते. आघात एकच असताना परिणाम इतके वेगळे का झाले, याची अभ्यासकांनी दिलेली कारणे मुख्यतः चार आहेत. काम घरून करता येते का, हे पहिले. हाताशी किती महिन्यांची शिल्लक आहे, हे दुसरे. आपला धंदा ‘अत्यावश्यक’ यादीत आहे का, हे तिसरे. आणि धंदा बंद असतानाही चुकत नाहीत असे खर्च, म्हणजे गाळ्याचे भाडे, विजेचा स्थिर आकार, कर्जाचा हप्ता, किती आहेत हे चौथे.

महाराष्ट्रात ही चारही कारणे एकत्र दिसली. भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांवर मजुरी कापडाच्या मापावर मिळते. माग थांबले की त्याच दिवशी कमाई थांबते. भिवंडीत मागवाल्यांबरोबर त्यांना महिन्याच्या उधारीवर जेवू घालणाऱ्या खानावळीही बसल्या. सोलापुरात घरी विड्या वळणाऱ्या बायकांना हजारी दराने मजुरी मिळते. पान-तंबाखू वाटप बंद, तर मजुरी बंद. मुंबईत उपनगरी गाड्या जून २०२० पासून अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाल्या, पण सर्वसामान्यांना त्या फेब्रुवारी २०२१ पर्यंत जवळजवळ बंद राहिल्या. महिलांना ऑक्टोबर २०२० मध्ये ठरावीक वेळांत मुभा मिळाली तेवढीच. विरार, कल्याण, पनवेलहून शहरात येणाऱ्या घरकामगार बाया, दुकानातले नोकर, डबेवाले यांच्यासाठी काम असूनही कामावर पोहोचणे अशक्य झाले. चैत्रातल्या गावजत्रा सलग दोन वर्षे रद्द झाल्या, तेव्हा नारायणगावच्या राहुट्यांतून सुपाऱ्या घेणारे तमाशाचे फड, खेळण्यांचे विक्रेते, पाळणेवाले यांचा वर्षभराचा हंगामच गेला. लग्नांवर पन्नास पाहुण्यांची मर्यादा आल्यावर मंडप, बँड आणि आचारी यांचीही तीच गत झाली. शेजारच्या गोव्यात पर्यटन थांबल्यावर किनाऱ्यावरचे शॅक आणि टॅक्सीवाले बसून राहिले. तिथे खाणी २०१८ पासूनच बंद होत्या.

ऊसतोडणी कामगारांची अडचण वेगळी होती. टाळेबंदी लागली तेव्हा हंगाम संपत आला होता. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या परिसरात सव्वा लाखाहून अधिक तोडणी कामगार अडकले. एप्रिलच्या मध्यावर राज्य सरकारने त्यांना आरोग्य तपासणी करून गावी जाऊ देण्याचा निर्णय घेतला. त्यांची गणती कारखान्यांकडे होती, म्हणून त्यांना शोधता आले. नाक्यावरच्या मजुराची गणती कोणाकडेच नव्हती.

कोणाला किती झळ बसली

पहिल्या वर्षाबद्दल अभ्यास बऱ्यापैकी एकमुखी आहेत. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२१ च्या अहवालाने सांगितले की एप्रिल-मे २०२० मध्ये सर्वांत गरीब २० टक्के कुटुंबांची कमाई जवळजवळ शून्यावर आली. पुढच्या काही महिन्यांत ६१ टक्के पुरुषांचे काम टिकून राहिले, तर महिलांपैकी फक्त १९ टक्क्यांचे. ४७ टक्के महिलांचे काम गेले ते वर्षअखेरीपर्यंत परत आले नाही. पुरुषांत हे प्रमाण ७ टक्के होते. अर्थतज्ज्ञ अश्विनी देशपांडे यांच्या अभ्यासांनुसार टाळेबंदीपूर्वी काम करणाऱ्या स्त्रीला एप्रिल २०२० मध्ये काम असण्याची शक्यता तशाच पुरुषापेक्षा २० टक्के-बिंदूंच्या आसपास कमी होती, आणि अनुसूचित जातींतल्या लोकांचा रोजगार उच्च जातींच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट घटला. अर्थात काम टिकले म्हणजे तसेच राहिले असे नाही. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या अहवालानुसार २०१९ च्या अखेरीस संघटित नोकरीत असलेल्यांपैकी सुमारे निम्मे लोक वर्षभरात असंघटित कामाकडे, बहुतेक करून स्वतःच्या छोट्या धंद्याकडे वळले होते.

धंद्यांच्या बाबतीत पहिल्या लाटेनंतरच्या पाहण्या उद्योगसंघटनांच्या होत्या. ऑल इंडिया मॅन्युफॅक्चरर्स ऑर्गनायझेशन आणि इतर संघटनांनी जून २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३५ टक्के लघुउद्योजकांनी आपला धंदा सावरण्यापलीकडे गेल्याचे सांगितले. ही उत्तरे ऐन संकटातली आणि स्वतःहून भाग घेणाऱ्यांची होती, त्यामुळे ती भाकीत म्हणून वाचणे योग्य नाही. पण खेळते भांडवल संपणे, थकलेली बिले आणि परत न आलेले कामगार या त्यांतल्या तक्रारी पुढच्या जवळजवळ प्रत्येक अभ्यासात आल्या. कायद्याने लघुउद्योगांचे बिल ४५ दिवसांत चुकते व्हायला हवे. प्रत्यक्षात मोठे खरेदीदार स्वतःची अडचण पुढे ढकलताना ती पुरवठादाराच्या खात्यावर ढकलतात. २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेबरोबर सुताचे आणि पोलादाचे भाव चढले, तेव्हा मोठ्या कारखान्यांनी साठा करून निभावले, लहानांना रोखीने महाग माल घ्यावा लागला.

मदत आणि तिच्या कक्षा

सरकारी मदतीचे मूल्यमापन करताना प्रत्येक योजनेच्या दारात काय दाखवावे लागत होते, हे पाहिले तर चित्र लवकर स्पष्ट होते.

धान्य ही सर्वांत व्यापक मदत. प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेखाली सुमारे ८० कोटी लोकांना माणशी महिना पाच किलो धान्य मोफत मिळाले आणि मधला खंड सोडता ही योजना डिसेंबर २०२२ पर्यंत चालली. उपासमार टाळण्यात तिचा वाटा मोठा होता, हे सरकारचे टीकाकारही मान्य करतात. अट होती शिधापत्रिकेची. मुंबई-पुण्यातल्या परप्रांतीय मजुराचे कार्ड गावी होते. शिवाय लाभार्थींची संख्या २०११ च्या जनगणनेवर बेतलेली होती. लोकसंख्या वाढल्याने सुमारे दहा कोटी पात्र लोक बाहेर राहिले, असा अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ प्रभृतींचा अंदाज आहे.

रोजगार हमीने गावी परतलेल्यांना आधार दिला. २०२०-२१ मध्ये मनरेगाखाली साडेसात कोटींहून अधिक कुटुंबांना काम मिळाले आणि ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झाले. तोवरचा हा उच्चांक होता. या योजनेचे मूळ महाराष्ट्रातल्या सत्तरच्या दशकातल्या रोजगार हमीत आहे. मात्र ती ग्रामीण भागापुरती होती. शहरातच थांबलेल्या मजुराला अशी कोणतीही हमी नव्हती.

धंद्यांसाठी मे २०२० मध्ये आणीबाणीची पतहमी योजना आली. शिल्लक कर्जाच्या २० टक्क्यांपर्यंत नवे कर्ज, त्याला सरकारची पूर्ण हमी. सुरुवातीची मर्यादा तीन लाख कोटींची, ती पुढे पाच लाख कोटींपर्यंत वाढली. स्टेट बँकेच्या संशोधन विभागाने जानेवारी २०२२ मध्ये अंदाज मांडला की या योजनेमुळे साडेतेरा लाख कर्जखाती बुडीत होण्यापासून वाचली आणि दीड कोटी लोकांचा रोजगार टिकला. अट होती २९ फेब्रुवारी २०२० रोजी बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे कर्ज असण्याची. ज्या धंद्याने कधी बँकेचे कर्ज घेतलेच नाही, सावकार, भिशी किंवा नातेवाइकांच्या पैशावर जो चालला, तो या दाराबाहेर राहिला. फेरीवाल्यांसाठी जून २०२० मध्ये ‘स्वनिधी’ योजनेत दहा हजार रुपयांचे कर्ज आले. तिथे ओळखपत्र किंवा पालिकेचे शिफारसपत्र लागत होते, आणि मुंबईत फेरीवाल्यांच्या पात्रतेचा प्रश्न २०१४ च्या सर्वेक्षणापासून रखडलेला होता.

भविष्यनिर्वाह निधीचा हप्ता सरकारने काही महिने भरला, तो शंभरपर्यंत कामगार असलेल्या आणि त्यांतले ९० टक्के पंधरा हजारांखाली पगार घेणाऱ्या नोंदणीकृत आस्थापनांचा. कर्जहप्त्यांना रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० अशी सवलत दिली, पण व्याज चढत राहिले; त्यावरच्या व्याजाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. टाळेबंदीत मजुरी कापू नये, हा केंद्राचा २९ मार्चचा आदेश १८ मेपासून मागे घेतला गेला आणि न्यायालयाने १२ जून रोजी मालक-कामगारांनी बोलणी करून मार्ग काढावा असे सांगितले. ज्या लघुउद्योजकाकडे स्वतःलाच मिळकत नव्हती, त्याने मजुरी कशातून द्यावी, या युक्तिवादाला वजन होते. पण त्यातून मजुराच्या हातात काही पडले नाही.

महाराष्ट्राने एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेच्या निर्बंधांबरोबर ५,४७६ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्यात बांधकाम मजूर, घरेलू कामगार, फेरीवाले आणि रिक्षाचालक यांना प्रत्येकी दीड हजार रुपये थेट देण्याचे ठरले आणि शिवभोजन थाळी महिनाभर मोफत झाली. इथेही ‘नोंदणीकृत’ आणि ‘परवानाधारक’ हे शब्द होते. घरकाम करणाऱ्या बहुसंख्य बायकांची त्यांच्यासाठीच्या कल्याण मंडळाकडे नोंदणीच नव्हती.

आता धोरणाचा वाद. सरकारी बाजूची भूमिका अशी की महासाथ किती चालेल हे कोणालाच ठाऊक नव्हते. टाळेबंदीत पैसा वाटून मागणी वाढवण्यात अर्थ नव्हता, म्हणून आधी गरिबांना धान्य आणि धंद्यांना कर्ज, आणि निर्बंध उठल्यावर भांडवली खर्च हा क्रम योग्य होता. २०२१-२२ च्या आर्थिक पाहणीने हेच मांडले. ब्रिटन-अमेरिकेत भरमसाट थेट मदतीनंतर महागाई भडकली, त्या मानाने भारतात ती आवाक्यात राहिली, हा या बाजूचा पुढचा मुद्दा. विरुद्ध बाजूला अभिजित बॅनर्जी, रघुराम राजन, ज्याँ द्रेझ यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ आहेत. त्यांच्या मते गिऱ्हाईकच नसलेल्या दुकानदाराला कर्ज देणे म्हणजे त्याच्या डोक्यावर ओझे वाढवणे. ब्रिटनने कामगारांच्या पगाराचा ८० टक्क्यांपर्यंतचा भार उचलला, जर्मनीकडे अशी जुनी व्यवस्था होती, तसे काही इथे मर्यादित प्रमाणात तरी करता आले असते. केंद्राच्या वीस लाख कोटी रुपयांच्या ‘आत्मनिर्भर’ पॅकेजमध्ये प्रत्यक्ष सरकारी खर्चाचा भाग लहान आणि कर्ज-हमीचा मोठा होता, हे दोन्ही बाजू मान्य करतात. ते शहाणपण होते की कंजुषी, यावर एकमत नाही.

उभारीचा आकार

२०२१ पासून चर्चा उभारीवर आली. २०२०-२१ च्या आर्थिक पाहणीने ती ‘व्ही’ आकाराची म्हटली : जितकी तीव्र घसरण तितकीच झपाट्याने चढण. पुढच्या वर्षी सकल उत्पादन खरोखरच महासाथीपूर्वीच्या पातळीवर गेले. टीकाकारांनी ‘के’ हे अक्षर पुढे केले. त्याची एक रेघ वर जाते, दुसरी खाली.

‘के’च्या बाजूचे पुरावे मुख्यतः बाजारातले आहेत. २०२०-२१ मध्ये अर्थव्यवस्था आकुंचन पावत असताना शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांच्या नफ्याचे सकल उत्पादनाशी असलेले प्रमाण दशकातल्या उच्च पातळीवर गेले. दुचाकींची देशांतर्गत विक्री २०१८-१९ मध्ये २ कोटी १२ लाख होती, ती २०२१-२२ मध्ये १ कोटी ३५ लाखांवर आली. २०२४-२५ मध्येही ती २ कोटींच्या आतच होती, तर महागड्या मोटारींची आणि आलिशान घरांची मागणी वाढत गेली. मुंबईतल्या ‘प्राइस’ या संस्थेच्या पाहणीनुसार २०१५-१६ ते २०२०-२१ या पाच वर्षांत तळच्या २० टक्के कुटुंबांचे उत्पन्न ५३ टक्क्यांनी घटले आणि वरच्या २० टक्क्यांचे ३९ टक्क्यांनी वाढले.

स्टेट बँकेच्या संशोधन विभागाने जानेवारी २०२४ मध्ये हा सिद्धान्त सदोष आणि पूर्वग्रहदूषित ठरवला. प्राप्तिकर विवरणपत्रांच्या आधारे त्यांनी दाखवले की २०१४-१५ ते २०२२-२३ या आकारणी वर्षांत करदात्यांमधली विषमता कमी झाली. ती मोजणारा गिनी निर्देशांक ०.४७२ वरून ०.४०२ वर आला. दुचाकी घेणारे लोक चारचाकीकडे वळत असतील, असेही त्यांचे म्हणणे. यावरचा आक्षेप असा की विवरणपत्र भरणारे हे लोकसंख्येतले अल्पसंख्य, वरच्या थरातलेच लोक आहेत. ज्यांची चर्चा चालली आहे ते त्या कागदात नाहीतच.

विषमता : तीन उत्तरे

गरिबी आणि विषमतेच्या मोजमापात तर अभ्यासागणिक उत्तर बदलते. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या अहवालाने राष्ट्रीय किमान वेतनाच्या निकषाखाली २३ कोटी लोक नव्याने ढकलले गेल्याचे सांगितले. जागतिक बँकेने २०२० मध्ये भारतात ५ कोटी ६० लाख लोक अतिदारिद्र्यात गेल्याचा अंदाज दिला. सुरजित भल्ला, करण भसीन आणि अरविंद विरमानी यांच्या २०२२ मधल्या निबंधाने मोफत धान्याची किंमत धरून अतिदारिद्र्य एक टक्क्याच्या आतच राहिल्याचा निष्कर्ष काढला. अर्पित गुप्ता, अनुप मलानी आणि बार्तोश वोडा यांच्या अभ्यासाने तिसरीच गोष्ट सांगितली : गरिबी झपाट्याने वाढली, पण उत्पन्नातली विषमता घटली, कारण वरच्या गटाचे सेवाक्षेत्रातले आणि भांडवलावरचे उत्पन्न प्रमाणाने अधिक पडले.

ही उत्तरे परस्परविरोधी दिसतात, पण ती वेगवेगळ्या प्रश्नांची आहेत. निकषरेषा वेगळी, उत्पन्न मोजायचे की खर्च हे वेगळे, धान्य धरायचे की नाही हेही वेगळे. मुख्य अडचण आधारसामग्रीची आहे. २०११-१२ नंतरची उपभोग खर्चाची पाहणी २०१७-१८ मध्ये झाली, पण सरकारने ती २०१९ मध्ये बाजूला ठेवली. त्यामुळे महासाथीच्या काळात सगळ्यांनाच ‘सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी’ या खासगी संस्थेच्या पाहणीवर किंवा जुन्या आकड्यांवरून पुढे मोजण्यावर विसंबावे लागले. त्या खासगी पाहणीत गरीब कुटुंबे कमी आणि सुस्थित कुटुंबे जास्त येतात, असा आक्षेप द्रेझ आणि अनमोल सोमंची यांनी २०२१ मध्ये घेतला. संस्थेचे प्रमुख महेश व्यास यांनी त्याला उत्तर दिले. २०२२-२३ आणि २०२३-२४ च्या सरकारी खर्च पाहण्यांत विषमता आणि अतिदारिद्र्य दोन्ही कमी दिसतात. मात्र पाहणीची पद्धत बदलली आहे आणि श्रीमंतांचा खर्च अशा पाहण्यांत पुरता येत नाही, म्हणून तुलना कितपत चालते यावर मतभेद आहेत. थॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये करविषयक माहिती जोडून वरच्या एक टक्क्याकडे उत्पन्नाचा २२.६ टक्के वाटा असल्याचे मांडले.

नोंदणी वाढली की धंदे आटले

२०२१ मध्ये स्टेट बँकेच्या संशोधन विभागाने असंघटित अर्थव्यवस्थेचा वाटा २०१७-१८ मधल्या निम्म्याहून अधिकवरून १५ ते २० टक्क्यांवर आल्याचे म्हटले आणि त्याचे श्रेय वस्तू व सेवा कर, डिजिटल व्यवहार आणि नोंदणी यांना दिले. प्रणब सेन, अरुणकुमार यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी विचारले की लहान दुकानाने नोंदणी करून घेतली की त्याचे गिऱ्हाईक मोठ्या साखळीने नेले? पहिल्या प्रकारात अर्थव्यवस्था सुधारते, दुसऱ्यात फक्त हिस्सा हस्तांतरित होतो. अरुणकुमार यांचा आणखी एक आक्षेप असा की तिमाही सकल उत्पादनाचा अंदाज बांधताना असंघटित क्षेत्राची वाटचाल संघटित क्षेत्रावरून गृहीत धरली जाते, त्यामुळे ज्या काळात दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या त्याच काळात मोजमाप सर्वांत कमी भरवशाचे ठरते.

असंघटित उद्योगांच्या नव्या वार्षिक पाहणीने या वादाला काही आधार दिला. २०१५-१६ मध्ये ६ कोटी ३४ लाख उद्योग होते, ते २०२१-२२ मध्ये ५ कोटी ९७ लाख झाले. कामगार ११ कोटी १३ लाखांवरून ९ कोटी ७९ लाख. पुढे उभारी आली : २०२३-२४ मध्ये ७ कोटी ३४ लाख उद्योग आणि १२ कोटी ६ लाख कामगार. म्हणजे खड्डा खरा होता आणि तो भरूनही निघाला. प्रश्न आहे तो मधल्या आठ वर्षांत जी स्वाभाविक वाढ व्हायला हवी होती तिचा. इंडिया रेटिंग्ज या संस्थेने नोटाबंदी, वस्तू व सेवा कर आणि महासाथ या तिन्हींमुळे २०२२-२३ पर्यंत ६३ लाख उद्योग आणि १ कोटी ६० लाख रोजगार हुकल्याचा अंदाज मांडला. तिघांपैकी कोणाचा वाटा किती, हे तिथेही वेगळे होत नाही.

काम वाढले, कसले?

श्रमबल पाहणीचे वार्षिक आकडे पाहिले तर बेरोजगारी २०१९-२० मधल्या ४.८ टक्क्यांवरून घटतच गेलेली दिसते. १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमसहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. सरकार याकडे यश म्हणून पाहते. गॅस, नळाचे पाणी, बचतगट आणि मुद्रा कर्जे यांमुळे स्त्रियांना कामाला वेळ आणि भांडवल मिळाले, असे त्यामागचे विवेचन आहे.

त्याच पाहणीतले दुसरे आकडे वेगळी बाजू सांगतात. शेतीतला रोजगार २०१८-१९ मधल्या ४२.५ टक्क्यांवरून २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्क्यांवर गेला आणि नंतरही महासाथीपूर्वीच्या पातळीवर सहज उतरला नाही. स्वयंरोजगारितांचे प्रमाण सहा वर्षांत ५२ वरून ५८ टक्क्यांवर गेले. घरच्या धंद्यात किंवा शेतात बिनपगारी राबणारे १३.६ टक्के होते, ते १९.४ टक्के झाले, आणि त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. नियमित पगारदारांचा हिस्सा मात्र २०१७-१८ च्या खालीच राहिला. हे संधीतून आलेले काम की नाइलाजातून आलेले, हा आजच्या वादाचा गाभा आहे. एकाच कुटुंबात दोन्ही असू शकते, त्यामुळे सरासरी आकड्यांवरून निवाडा होणे कठीण आहे.

काय अनिर्णित आहे

सर्वांत साधा प्रश्नच अनुत्तरित आहे : महासाथीत किती लहान धंदे कायमचे बंद पडले? बंद पडलेल्या उद्योगांची आकडेवारी आपल्याकडे नाही, अशी भूमिका सरकारने संसदेत घेतली होती. २०२४ मध्ये लघुउद्योगांच्या नोंदणीच्या उद्यम पोर्टलवरची सुमारे ४९ हजार उद्योग बंद झाल्याची नोंद पुढे आली. त्यांत १२ हजारांवर महाराष्ट्रातले, म्हणजे सर्वाधिक. पण पोर्टल सुरू झाले १ जुलै २०२० रोजी. जे टाळेबंदीतच संपले ते त्यावर आलेच नाहीत. महाराष्ट्राचा आकडा मोठा असण्याचे एक कारण इथली नोंदणी मोठी असणे हेही आहे.

दुसरा प्रश्न दीर्घ परिणामांचा. संकटात काढलेले कर्ज, मोडलेले दागिने, सुटलेली शाळा आणि तुटलेला अनुभव यांचा उत्पन्नावर किती वर्षे परिणाम राहतो, हे समजायला त्याच कुटुंबांचा वर्षानुवर्षे माग घेणाऱ्या पाहण्या लागतात. तशा आपल्याकडे मोजक्याच आहेत.

तिसरा प्रश्न तयारीचा. या आघाडीवर काही घडले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२१ च्या आदेशानंतर ‘एक देश, एक शिधापत्रिका’ देशभर लागू झाली आणि ऑगस्टमध्ये ई-श्रम पोर्टल सुरू झाले. त्यावर ३० कोटींहून अधिक असंघटित कामगारांनी नावे नोंदवली. सर्वांत लहान धंद्यांच्या नोंदणीसाठी जानेवारी २०२३ मध्ये उद्यम साहाय्य मंच आला. लघुउद्योगांचे बिल मुदतीत न देणाऱ्यास त्या खर्चाची करवजावट त्या वर्षी मिळू नये, अशी तरतूद प्राप्तिकर कायद्यात झाली. चार श्रमसंहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाल्या. असंघटित उद्योगांचे आकडे आता तिमाही येतात. पण शहरी रोजगार हमीबाबत राजस्थानसारखे अपवाद सोडले तर चर्चा पुढे गेलेली नाही. २०२१ ची जनगणना २०२७ वर गेली आहे, आणि तोवर धान्याच्या याद्या २०११ च्याच आकड्यांवर आहेत. ई-श्रमवरचे नाव हे आज ओळखपत्र आहे. संकटात त्यातून आपोआप पैसे खात्यात येतील, असा कोणताही हक्क त्याला जोडलेला नाही.

एवढ्या वाचनातून तीन गोष्टी ठामपणे म्हणता येतात. पहिल्या वर्षातला आघात असमान होता आणि त्याची झळ स्त्रिया, स्थलांतरित, दलित आणि बिननोंदणीचे धंदे यांना अधिक बसली, हे सिद्ध आहे. धंद्यांची आणि कामाची संख्या पुढे सावरली, हेही सिद्ध आहे. कामाचा दर्जा आणि कमाई सावरली का, हे सिद्ध झालेले नाही. ज्यांचे नुकसान सर्वांत मोठे होते त्यांचीच नोंद सर्वांत तोकडी होती, म्हणून वादाच्या दोन्ही बाजूंना आपापले आकडे मिळत राहतात. तो वाद अर्थतज्ज्ञांच्या निबंधांतून मिटणार नाही. नाका कामगार, घरकामगार आणि टपरीवाला यांची नोंद शांततेच्या काळात पुरी करून तिला निश्चित हक्क जोडणे, हे काम केंद्र, राज्य आणि महापालिका या तिन्हींचे आहे, आणि ते पुढच्या संकटाआधी व्हायला हवे.